सपाट येतं, सपाट जातं का?

आमच्या नात्यात सध्या एका वस्तूची साथ आली आहे. खोक्यात बंद होऊन घरपोच येणारं, सपाट पॅक केलेलं फर्निचर! कुणी पुस्तकांचं शेल्फ घेतलं, कुणी कॉम्प्युटरचं टेबल, कुणी चपलांचा स्टँड. जमिनीवर पसरलेल्या फळ्यांचे फोटो येतात, मग उभ्या राहिलेल्या शेल्फाचा फोटो येतो, मग उरलेल्या एका स्क्रूचा. (तो स्क्रू नेमका कुठला, ही चर्चा पुढे दोन दिवस चालते. :-) ) आणि शेवटी कुणीतरी मला विचारतंच, "ताई, तू इतकी बिऱ्हाडं हलवलीस, तूच सांग, घेऊ की नको?"

तर मंडळी, एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकते.

माझं म्हणणं एका वाक्यात असं आहे. फर्निचर येताना सपाट येतं याचं कौतुक पुरे, ते जाताना सपाट जातं का ते विचारा. स्वस्त काय आणि महाग काय, हे त्या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं.

आधी कौतुकाचं कौतुक करून घेऊ, कारण कल्पना खरंच हुशारीची आहे. आपण कपाट घेतो तेव्हा टेम्पोवाल्याला मुख्यत्वे हवा वाहून नेण्याचे पैसे देतो. कपाटाच्या आत हवाच तर असते! ती काढून टाकली की एका गाडीत कितीतरी जास्त माल बसतो. ही अक्कल आजची नाही. व्हिएन्नाच्या मायकेल थोनेटने 1859 साली 14 नंबरची खुर्ची बाजारात आणली. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत आणि जहाजाने जगभर जात. मुंबईच्या इराण्यांकडे वेताच्या गोल बैठकीच्या ज्या काळपट खुर्च्यांवर बसून आपल्या आजोबांनी बनमस्का खाल्ला, त्या याच जातीच्या. पुढे 1956 साली स्वीडनच्या आयकियात गिलिस लुंडग्रेन नावाच्या कामगाराने टेबल गाडीत बसेना म्हणून त्याचे पाय काढले, आणि त्यातून सपाट पॅकिंगचा आजचा धंदा उभा राहिला, अशी गोष्ट सांगतात. त्याच लुंडग्रेनचं 'बिली' नावाचं पुस्तकांचं शेल्फ 1979 पासून विकलं जातंय. आपल्याकडे ही कंपनी 2018 मध्ये हैदराबादला आली, डिसेंबर 2020 मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला आली. तिच्या आधी आणि नंतर देशी कंपन्यांनीही तोच मार्ग धरला.

पण आपल्या घरात हा प्रकार कधीच नव्हता असं समजू नका. स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी आठवा. ताटांचे कप्पे, कपांचे हुक, वाट्यांची फळी, सगळं सुटं होतं आणि भिंतीवरून उतरवून नव्या घरी नेता येतं. आईच्या मांडणीने तीन घरं बघितली, आणि अजून ती वहिनीच्या ओट्यावर आहे. आणि दुसरं म्हणजे भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्यांचं रॅक, नट-बोल्टचं. किराणा दुकानात, औषधाच्या दुकानात, तलाठ्याच्या दप्तरात, शाळेच्या ग्रंथालयात, जिथे बघाल तिथे ते असतं. इतकं असतं की दिसत नाही.

या रॅकच्या जन्माची गोष्ट मला फार आवडते. लंडनमध्ये दिमित्रियस कोमिनो नावाच्या गृहस्थाचा छापखाना होता. काम बदललं की जुने लाकडी रॅक मोडायचे, नवे करायचे, लाकूड आणि मजुरी वाया. त्याला वाटलं, मुलांच्या मेकॅनोसारखं काही का असू नये, पुन्हा पुन्हा जोडता येईल असं? त्यातून 'डेक्सियन' या नावाने भोकाभोकांचा तो लोखंडी कोन 1947 साली बाजारात आला. म्हणजे बघा, या रॅकचा जन्मच 'मोडल्यावर पुढे काय' या प्रश्नातून झाला. सपाट खोक्यातल्या शेल्फाचा जन्म 'गाडीत कसं बसेल' या प्रश्नातून झाला. दोन्ही प्रश्न चांगले, पण वेगळे. आणि माझ्यासारख्या बदलीवाल्यांना पहिला प्रश्न जास्त जवळचा.

माझी नोकरी बदलीची. जव्हार, मग खोडाळा, मग मोखाडा आणि पुन्हा जव्हार, असे मिळून मी नऊ पावसाळे त्या भागात काढले. आता नाशिकला आहे. ज्यांनी तो पाऊस बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. जून ते सप्टेंबर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. धुकं दारातून आत येतं आणि पाहुण्यासारखं बसून राहतं. मीठ पाझरतं, काडेपेटी ओढली तर गुल घसरतो, चामड्याच्या चपलांना दाढी येते. भाड्याची खोली कौलारू असेल तर एखादा कोपरा गळणार हे धरूनच सामान लावायचं.

खोडाळ्याला आमच्या शेजारी राहणाऱ्या एका सिस्टरबाईंनी नाशिकहून सपाट खोक्यातलं टेबल आणलं होतं. दिसायला फार देखणं, सागवानी रंगाचं. पहिल्या पावसाळ्यात त्याच्या कडा फुगल्या. दुसऱ्या वर्षी त्यांची बदली झाली तेव्हा टेबल खोलायला घेतलं, तर स्क्रूंबरोबर भुसाच बाहेर आला. पुन्हा जोडताना स्क्रू धरेनात. शेवटी त्याच्या फळ्या कोंबड्यांच्या खुराड्याला गेल्या.

यात टेबलाने फसवलं असं काही नाही. ते जे होतं तेच वागलं. अशा स्वस्त फर्निचरची फळी बहुधा पार्टिकल बोर्डची असते. लाकडाच्या बारीक चिपा आणि भुसा रेझिनमध्ये कालवून, तापवून, दाबून ती करतात आणि वर लाकडासारखा दिसणारा पापुद्रा चिकटवतात. कापलेली कड किंवा स्क्रूचं भोक उघडं राहिलं की तिथून पाणी आत शिरतं, चिपा फुगतात, आणि वाळल्यावर पुन्हा मूळ जागी बसत नाहीत. अखंड लाकडाला लांब धागा असतो, तो स्क्रूला धरून ठेवतो. चिपांना तो नसतो. एकदा पिळलेला स्क्रू काढून परत पिळला की भोक सैल पडतं. कोरड्या फ्लॅटमध्ये, एकाच भिंतीला, एकदा उभं करून पुन्हा न हलवलेलं असं शेल्फ वर्षानुवर्षं छान राहतं. पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्या मंडळींनी खुशाल घ्यावं. पण दर तीन वर्षांनी घर बदलणाऱ्याने त्याची किंमत तीन वर्षांनी भागून बघावी.

माझं लोखंडी रॅक मी 2009 साली दीड हजाराला घेतलं. ते आजवर पाच वेळा खोललंय आणि पाच वेळा जोडलंय. दोन पान्हे आणि एक तास पुरतो. जमीन वाकडी असेल तर एका पायाखाली चपटा दगड. गंज दिसला की पॉलिश पेपर आणि डबाभर ऑइलपेंट. एक बोल्ट हरवला तर जव्हारच्या हार्डवेअरच्या दुकानात दुसरा मिळतो, त्यासाठी कंपनीला पत्र लिहावं लागत नाही. दिसायला ते गोडाऊनसारखं दिसतं हे कबूल. पुढे एक जुनं लुगडं पडद्यासारखं लावलं की घरातलं होतं.

असो. एवढ्यावर हा लेख संपला असता, पण मला जे बोलायचंय ते याच्या पुढचं आहे.

आपण बदलीवाले स्वतःला फार विंचू समजतो, बिऱ्हाड पाठीवर वगैरे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर दिवाळीनंतर काय होतं ते बघितलं की आपली बदली ही चैन वाटते. भाताची कापणी झाली की वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी घरांतली माणसं कामाला बाहेर पडतात. भिवंडी, वसई, कल्याण, ठाणे... कुणी वीटभट्टीवर, कुणी रेतीवर, कुणी इमारतीच्या कामावर. पहिला पाऊस दिसू लागला की परत. म्हणजे वर्षातून दोनदा घर गुंडाळायचं. एक टेम्पो, त्यात चार-पाच कुटुंबं, प्रत्येकाची दोन गाठोडी, एक पत्र्याची पेटी, हंडा, तवा, कोंबडी असली तर कोंबडी. ज्याला आपण सपाट पॅकिंग म्हणतो ते या घरांना कुणी शिकवायची गरज नाही.

आणि त्यांच्या जुन्या घरात सामान ठेवायची सोयही त्या चालीचीच होती. कारवीच्या काठ्यांचा कूड, वरून शेणमातीचा लेप. अशा भिंतीत कुठेही खुंटी ठोकता येते, काठीच्या फटीत विळा खोचता येतो. आढ्याला टांगलेलं शिंकं, कपड्यांना आडवी बांधलेली वळणी, वर माळा, कोपऱ्यात कणगी. शिंकं म्हणजे जगातलं सगळ्यात सपाट शेल्फ! रिकामं केलं की मुठीत मावतं, आणि मुंग्या-मांजरांपासून वस्तू जपतं ते वेगळंच.

आता त्या जागी घरकुलं होताहेत. व्हायलाच हवीत. कुडाच्या घराचं कौतुक त्यात पावसाळा न काढलेल्यांनी करू नये. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घराचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट ठरवलंय, स्वयंपाकाच्या जागेसकट. मदतीचा मूळ आकडा सपाटीला 1 लाख 20 हजार, डोंगराळ-दुर्गम भागात 1 लाख 30 हजार. कातकऱ्यांसाठी 2023 च्या 'पीएम जनमन' योजनेत 2 लाख. या पैशांत चार भिंती, छप्पर, दार, खिडकी होता होता जीव जातो. मी अशा बऱ्याच घरांत बसून चहा प्यायले आहे. त्या पक्क्या भिंती चारही बाजूंनी कोऱ्या असतात. एक कोनाडा नाही, एक फळी नाही, खुंटी नाही. आणि विटा-सिमेंटच्या भिंतीत खुंटी काही हाताने ठोकता येत नाही, तिला ड्रिल मशीन लागतं. म्हणजे घर पक्कं झालं आणि सामान जमिनीवर आलं!

यात काय एवढं, असं वाटेल. सांगते. त्या घरांत जमिनीवर काय काय असतं? पोराची पुस्तकं. रेशनकार्ड. जातीचा दाखला. आणि ज्यांना 2006 च्या वनहक्क कायद्याखाली जमीन मिळाली त्यांचा तो पट्टा, ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं तालुक्याला खेटे घातले. हे सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी पेटीत कपड्यांखाली. पेटी ओल आलेल्या जमिनीवर. पेटी नसेल तर पिशवी भिंतीला टेकलेली, आणि भिंतीतून वाळवी निघतेच. एका आईने मला मुलीचा दाखला उलगडून दाखवला होता, घडीच्या चारही रेघांवर तो चाळणी झाला होता. दुसरा काढायचा तर एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि "उद्या या". आपल्याकडे शेल्फ म्हणजे भिंतीची शोभा. तिथे जमिनीपासून चार फुटांवरची एक फळी म्हणजे मुलीचं शिक्षण कोरडं राहणं.

यावर दोन प्रकारचे लोक दोन उत्तरं देतात. पहिले म्हणतात, आदिवासींचं साधं, निसर्गाजवळचं जगणं किती सुंदर, त्यात तुमचं फर्निचर कशाला घुसवता? हीच मंडळी शहरात वारली चित्रांची नक्षी असलेलं शेल्फ हौसेनं घेतात. ज्यांच्या भिंतीवरून चित्र उचललं त्यांच्या भिंतीला फळी नको, हे काही मला पटत नाही. दुसरे म्हणतात, आता सगळं स्वस्त झालंय, घरपोच येतं, घेतील हळूहळू. घेतातही. बाजारातून रंगीत प्लॅस्टिकचे एकात एक खोचायचे रॅक घेतात, आणि ते पाण्याला भीत नाहीत, टेम्पोत सुटे होऊन बसतात, म्हणून शहाणपणानेच घेतात. पण दोन उन्हाळ्यांत ते तडकतात. आणि भुशाच्या फळीचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. कोरड्या, सपाट फरशीसाठी आखलेली वस्तू त्या घरांना स्वस्तात दिली तरी महागच पडणार.

मग काय हवं? माझ्या मते अगदी थोडं. घरकुलाच्या नकाशातच, भिंत बांधतानाच, दोन कोनाडे आणि कडप्प्याची एक फळी. गवंड्याला भिंत चढवताना कोनाडा सोडायला जास्तीच्या विटा लागत नाहीत, उलट चार वाचतात. कडप्पा आपल्या महाराष्ट्राला काही नवा नाही, आपल्या सगळ्यांच्या ओट्याखाली तोच आहे. त्याला वाळवी लागत नाही, तो फुगत नाही. आणि ओळीने चार खुंट्या, प्लास्टर ओलं असतानाच बसवलेल्या. झालं.

आणि जे हलवायचं आहे, टेम्पोत घालून भट्टीवर न्यायचं आहे, ते बांबूचं का नको? हा भाग बांबू ओळखणारा आहे. इथल्या कुणालाही विचारा, कोवळा कुठला, जून कुठला, टोपलीला कुठला, आढ्याला कुठला. कायद्याची अडचणही पूर्वीइतकी राहिलेली नाही. वनहक्क कायद्याने बांबू गौण वनउपजात धरला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने 2011 मध्ये आपल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतःच्या हातात मिळवला. 2017 मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. पालघर जिल्ह्यात आदिवासी बायका आज बांबूच्या वस्तू सुरेख करतात, पण काय करतात? आकाशकंदील, राख्या, पेन ठेवायचे स्टँड. म्हणजे शहराच्या टेबलावरची हौस. त्यातून चार पैसे मिळतात, त्याला नावं ठेवत नाही. पण ज्या हातांना आकाशकंदिलाचा कोन जुळवता येतो त्यांना तीन फळ्यांचं, चार बोल्टांचं, उन्हाळ्यात खोलून गाठोड्याला बांधायचं शेल्फ जमणार नाही?

बांबूला किडा लागतो, हा आक्षेप मला ठाऊक आहे. लागतो, कारण त्यात पिष्ट असतं, किड्याचं जेवणच. त्यावर उपायही जुने आहेत, जून बांबू निवडून वेळेवर तोडणं, वाहत्या पाण्यात बुडवून ठेवणं. आणि नवा म्हणजे बोरिक आसिड-बोरॅक्सच्या पाण्यात मुरवणं, हे काही रॉकेटचं शास्त्र नव्हे, एक टाकी लागते. सांध्यांना खिळा ठोकला की बांबू चिरतो, म्हणून भोक पाडून बोल्ट घालायचा, म्हणजे पुन्हा तेच, कोमिनोचं भोक. शेल्फाची एक फळी मोडली तर नवी परसातून येते. कॅटलॉग बघावा लागत नाही.

त्यामुळे नातलगांनो, दुकानात गेलात की किमतीच्या चिठ्ठीकडे बघण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे दोनदा खोलून तिसऱ्यांदा जोडता येईल का? चार महिने ओल सोसेल का? आणि एक तुकडा मोडला तर माझ्या गावात तो मिळेल किंवा करता येईल का? तिन्हीला हो असेल तर डोळे मिटून घ्या, मग ते स्वीडनचं असो की शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याचं.

आणि ब्लॉगवाल्या मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी घरकुलांच्या कामात असाल, आर्किटेक्ट असाल, किंवा बांबूचं खोलता-जोडता येणारं काही कुणी केलेलं बघितलं असेल, तर सविस्तर कळवा. मापं असतील तर फारच उत्तम. मोखाड्याचे एक सुतारदादा माझ्या ओळखीचे आहेत, पहिलं शेल्फ करून बघायला तयार आहेत. बांबू त्यांचा, बोल्ट मी पाठवणार आहे.